विश्लेषण : केमिकल कारखान्यातील गळतीची चौकशी ‘व्हॉल्व्ह बिघडला’ इथेच का थांबते?

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी रुमित केमसिंथ या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. किमान १३ जणांचा बळी गेला, अनेक जण भाजले. मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर झाली आणि गुन्हा दाखल झाला. एप्रिल २०२४ मध्ये जळगाव एमआयडीसीतील एका केमिकल कंपनीत स्फोट होऊन आग लागली, कामगार होरपळले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २३ मे २०२४ रोजी, डोंबिवलीत अमुदान केमिकल्समध्ये रिॲक्टरचा स्फोट झाला. प्रत्येक वेळी बातम्यांचा क्रम जवळपास सारखाच असतो : धुराचे लोट, मंत्र्यांची भेट, मदतीची घोषणा, मालकावर गुन्हा, चौकशी समिती. यंत्रणा नेमकी का निकामी झाली आणि ती निकामी होणार हे आधी कोणाला कळायला हवे होते, या प्रश्नाचे उत्तर मात्र कारखान्याशेजारी राहणाऱ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते. अशी चौकशी कशी होते, कशी व्हायला हवी आणि जळगाव, पिंप्राळा, शिरपूरच्या नागरिकांना त्यात काय मागता येते, याविषयी...

गळती होते म्हणजे नेमके काय बिघडते?

रसायन टाकीत, रिॲक्टरमध्ये किंवा पाइपमध्ये बंदिस्त असते तोवर धोका काबूत असतो. ते बाहेर येण्याचे मार्ग तसे मोजकेच आहेत. दोन पाइप जोडणाऱ्या फ्लँजमधील गॅस्केट खराब होते, पाइप आतून गंजून पातळ होतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, पंपाचे सील फाटते किंवा टाकीतील पातळी दाखवणारे मीटर चुकीचा आकडा दाखवते आणि टाकी भरून वाहू लागते.

रिॲक्टरचा धोका याहून वेगळा आहे. अनेक रासायनिक क्रियांमध्ये उष्णता तयार होते. ती थंड पाण्याने किंवा चिलरने सतत काढून घ्यावी लागते. चिलर बंद पडला किंवा ढवळणी थांबली, की तापमान चढते. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. वेग वाढला की आणखी उष्णता आणि उष्णता वाढली की आणखी वेग. काही मिनिटांत दाब इतका वाढतो की सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, नाहीतर रिॲक्टरच फुटतो.

म्हणूनच कारखान्यात एकामागे एक अशा अनेक संरक्षक भिंती असतात : तापमानाचा सेन्सर, धोक्याची घंटा, आपोआप बंद होणारी यंत्रणा, सेफ्टी व्हॉल्व्ह, वायू शोषून घेणारा स्क्रबर, सांडलेले रसायन अडवणारी टाकीभोवतीची भिंत. एखादा भाग कधी ना कधी बिघडणार, हे गृहीत धरूनच ही रचना केलेली असते. त्यामुळे ‘व्हॉल्व्ह बिघडला’ हे अपघाताचे संपूर्ण कारण असूच शकत नाही. व्हॉल्व्ह बिघडल्यावर पुढच्या सगळ्या भिंती एकाच वेळी का पडल्या, हा चौकशीचा खरा प्रश्न असतो.

भोपाळमध्ये हेच घडले होते का?

होय. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ई-६१० या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वातावरणात गेले. पाणी कसे शिरले यावर वर्षानुवर्षे वाद झाला. परंतु टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर त्या वेळी राखीव अवस्थेत होता आणि वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी पाइप काढल्याने निकामी होता. यातली प्रत्येक गोष्ट त्या रात्रीच्या आधी कारखान्यात माहीत होती. एका ऑपरेटरच्या चुकीवर बोट ठेवले की या निर्णयांकडे दुर्लक्ष होते. खटल्याचा निकाल लागला तो ७ जून २०१० रोजी. कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, तोवर २५ वर्षे उलटून गेली होती.

चांगली चौकशी कशी असते? विशाखापट्टणमने काय दाखवले?

अलीकडच्या काळात भारतात झालेली सर्वांत तपशीलवार चौकशी म्हणून विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्स प्रकरणाकडे पाहता येते. ७ मे २०२० रोजी पहाटे तीनच्या सुमारास, टाळेबंदीच्या काळात, तेथील एम-६ या टाकीतून स्टायरिनची वाफ बाहेर पडली आणि शेजारच्या वस्तीत पसरली. १२ जणांचा मृत्यू झाला, शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले.

आंध्र प्रदेश सरकारने वरिष्ठ सनदी अधिकारी नीरभ कुमार प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. समितीने दोन महिन्यांत, ६ जुलै २०२० रोजी अहवाल दिला. टाकी तापली एवढे सांगून हा अहवाल थांबला नाही. तापमान मोजणारा सेन्सर टाकीच्या तळाशीच होता. त्यामुळे वरच्या थरातील स्टायरिन तापत असताना नियंत्रण कक्षात दिसणारा आकडा सुरक्षित वाटत राहिला. टाकीच्या पाइपांची रचना काही महिन्यांपूर्वी बदलली होती. त्यामुळे आतील द्रव नीट फिरून एकसारखा थंड होत नव्हता, आणि त्या बदलाचा धोका कोणी तपासला नव्हता. शीतकरण यंत्रणा अखंड चालू ठेवली जात नव्हती. स्टायरिनची साखळी-क्रिया रोखणारे टीबीसी हे रसायन पुरेसे नव्हते. आणि एवढे होऊनही वस्तीला जागे करणारा सायरन वाजला नाही.

सेन्सर, पाइप, शीतकरण, टीबीसी आणि सायरन या पाच गोष्टी एकमेकींना जोडल्यावर अपघात समजतो. यातली एक जरी वेळेत सुधारली असती, तर हानी टळली असती किंवा कमी झाली असती. हा अहवाल जाहीर झाला, त्यामुळे स्टायरिनच्या टाक्या असलेल्या देशातील इतर कारखान्यांना आपली टाकी तपासून पाहण्यासाठी प्रश्नांची तयार यादी मिळाली. चौकशीचा सर्वांत मोठा उपयोग हाच असतो.

पहिल्या काही दिवसांत काय जपावे लागते?

पुरावा लवकर नाहीसा होतो. आग विझवताना पाण्याच्या माऱ्याने सांडलेले रसायन वाहून जाते, भंगार हलवले जाते, कंत्राटी कामगार आपापल्या गावी निघून जातात. त्यामुळे तुटलेला पाइप, गॅस्केट, व्हॉल्व्ह जसेच्या तसे सील करून ठेवणे, त्यांची धातुतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे, नियंत्रण कक्षातील संगणकावरील तापमान-दाबाच्या नोंदी आणि शिफ्टचे लॉगबुक ताब्यात घेणे ही पहिली कामे ठरतात. माती, नाला आणि विहिरींच्या पाण्याचे नमुनेही लगेच घ्यावे लागतात. साठा किती होता, वापरला किती आणि शिल्लक किती, याचा हिशेब मांडला की गळती किती झाली ते कळते. कंपनी सांगते तो आकडा पडताळण्याचा हा साधा मार्ग आहे.

त्यानंतर सुरू होते ‘का?’ची साखळी. समजा, गॅस्केट फाटले. का? त्या रसायनाला न टिकणाऱ्या मटेरियलचे बसवले होते. का? योग्य गॅस्केट स्टोअरमध्ये नव्हते. का? खरेदी लांबणीवर टाकली होती. मग कारखाना बंद का ठेवला नाही? ऑर्डर पूर्ण करायची होती. पहिल्या उत्तरावर थांबले तर फिटर दोषी ठरतो. शेवटच्या उत्तरापर्यंत गेले तर व्यवस्थापनाचा निर्णय समोर येतो. कंत्राटी कामगाराचा जबाब म्हणूनच महत्त्वाचा असतो. व्हॉल्व्ह महिनाभर गळत होता, हे बहुतेक वेळा त्यालाच माहीत असते. पण बोलले तर काम जाईल, ही भीतीही त्यालाच असते.

महाराष्ट्रात चौकशी कोण करते?

एकाच अपघाताची चौकशी अनेक खाती आपापल्या कोनातून करतात. कारखान्यातील सुरक्षेची जबाबदारी कामगार विभागाच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची, म्हणजे ‘डिश’ची. हवा-पाण्याच्या प्रदूषणाचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते. बॉयलर असेल तर बाष्पके संचालनालय, पेट्रोलियम पदार्थ आणि दाबाखालील वायूंच्या टाक्या असतील तर केंद्राची ‘पेसो’ ही संस्था येते. गुन्ह्याचा तपास पोलीस करतात, मदतकार्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची.

घातक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठा अपघात झाल्यास कारखानदाराने ४८ तासांत संबंधित प्राधिकरणाला कळवणे आणि प्राधिकरणाने अपघाताचे पूर्ण विश्लेषण करणे बंधनकारक आहे. कारखाने अधिनियम १९४८ मध्येही सरकारला चौकशी नेमण्याचा अधिकार होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातील व्यावसायिक सुरक्षा संहितेत कर्तव्यात कसूर झाल्याने कामगाराचा मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाच्या किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण हितसंबंधांची. ज्या खात्याने कारखान्याला परवानगी दिली आणि ज्याने वेळोवेळी तपासणी करायची, तेच खाते अपघातानंतर चौकशी करते. चौकशी ‘का?’च्या साखळीत खोल गेली, तर ‘तपासणीत हे दिसले कसे नाही?’ हा प्रश्न त्याच खात्याच्या दारात येऊन थांबतो. रेल्वे अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. विमान अपघातासाठी स्वतंत्र अन्वेषण ब्युरो आहे. रासायनिक अपघातासाठी अशी स्वतंत्र कायमस्वरूपी संस्था भारतात नाही.

अमेरिकेत १९९८ पासून असे रासायनिक सुरक्षा मंडळ काम करते. त्याला दंड करण्याचा अधिकार नाही. कारण शोधायचे आणि ते जाहीर करायचे, एवढेच त्याचे काम. टेक्सास सिटी येथील बीपीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी स्फोट होऊन १५ जण ठार झाले. मनोऱ्यात द्रव काठोकाठ भरत असताना मीटर मात्र पातळी उतरत असल्याचे दाखवत होते आणि उच्च पातळीची घंटा वाजलीच नाही. मंडळाने दोन वर्षे तपास करून मीटरच्या बिघाडासोबत थकलेले कर्मचारी, रखडलेली दुरुस्ती आणि मुख्यालयातून झालेली खर्चकपात यांनाही अपघाताची कारणे ठरवले.

दुसरी अडचण गोपनीयतेची. डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये भीषण स्फोट झाला. त्या चौकशीचा अहवाल लोकांसमोर आला तो माहिती अधिकारात मागितल्यानंतर. त्याच एमआयडीसीत आठ वर्षांनी अमुदानचा स्फोट झाला. दोन्ही कारखाने आणि दोन्ही ठिकाणची रसायने वेगळी होती, हे खरे. पण पहिल्या अपघाताचा धडा शेजारच्या कारखान्यांना आणि रहिवाशांना वेळेत मिळणे हा चौकशीचाच भाग असायला हवा.

याची दुसरी बाजूही आहे. उत्पादनाचे गुपित फुटेल, अशी उद्योगांची तक्रार असते. अहवाल आधीच जाहीर झाला तर खटल्यावर परिणाम होईल, असे पोलिसांना वाटते. दोन्ही आक्षेपांवर तोडगा आहे. गुपिताचा भाग वगळून अपघाताची कारणे जाहीर करता येतात. आणि विमान अपघातांप्रमाणे दोष ठरवणारा पोलीस तपास आणि कारण शोधणारी तांत्रिक चौकशी वेगळी ठेवता येते.

खान्देशात धोका कुठे आहे?

जळगावची एमआयडीसी म्हटली की चटई, पाइप आणि डाळ उद्योग आठवतात. घातक रसायन मात्र फक्त ‘केमिकल कंपनी’ अशी पाटी असलेल्या ठिकाणीच असते असे नाही. मोठी शीतगृहे आणि दूध प्रक्रिया केंद्रे यांत थंडाव्यासाठी अमोनिया वापरला जातो, तर जलशुद्धीकरण केंद्रांत क्लोरीनचे सिलिंडर असतात. पिंप्राळा जळगावच्या पश्चिमेला, एमआयडीसीच्या दुसऱ्या टोकाला आहे. पण सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा महामार्ग शहरातून जातो आणि त्याच मार्गाने गुजरातच्या औद्योगिक पट्ट्यातून टँकर येतात. टँकरही एक चाकांवरची टाकीच आहे आणि तिचाही व्हॉल्व्ह गळू शकतो. आषाढी एकादशीला रथोत्सवासाठी पिंप्राळ्यात गर्दी लोटते, तेव्हा रस्त्यावरची अशी गळती कोणत्या दिशेने पसरेल याचा विचार आधीच झालेला असणे आवश्यक आहे.

येथे नियमांतील एक फट लक्षात घ्यावी लागेल. १९८९ च्या नियमांतील मोठ्या जबाबदाऱ्या रसायनाच्या साठ्यावर अवलंबून आहेत. क्लोरीनसाठी खालची मर्यादा १० टन व वरची २५ टन, अमोनियासाठी ६० आणि ६०० टन. वरची मर्यादा गाठणाऱ्या कारखान्याला सुरक्षा अहवाल, आपत्कालीन आराखडा आणि दर सहा महिन्यांनी सराव करावा लागतो. लहान-मध्यम कारखाने बरेचदा या मर्यादेखाली राहतात. पण वस्तीला खेटून असलेल्या शेडमधील पाच टन रसायनही शेजाऱ्यांसाठी कमी धोक्याचे नसते.

नागरिकांना काय मागता येते?

कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा जिल्हा पातळीवर तयार असणे आणि त्याचा वर्षातून किमान एकदा सराव होणे नियमांनुसार आवश्यक आहे. मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने परिसरातील लोकांना धोका काय आणि अपघात झाल्यास काय करायचे, हे आधी सांगितले पाहिजे. त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे विचारण्याचे प्रश्न सरळ आहेत : आपल्या भागाजवळ वरच्या मर्यादेचे कारखाने कोणते? शेवटचा सराव कधी झाला? सायरन कसा ओळखायचा? मागच्या अपघाताच्या चौकशीत काय आढळले आणि त्यातील किती शिफारशी अमलात आल्या?

माहिती अधिकारातील अर्जाला ‘तपास सुरू आहे’ असे उत्तर मिळू शकते. परंतु केवळ तपास सुरू आहे म्हणून माहिती नाकारता येत नाही, ती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. व्यापारी गुपिताचे कारणही व्यापक जनहितापुढे टिकत नाही, हे कायद्यातच आहे.

भरपाईसाठी दोष सिद्ध होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम १९९१ नुसार कारखान्याबाहेरील पीडितांना जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी मुदत अपघातापासून पाच वर्षे आहे. राष्ट्रीय हरित लवादाकडेही दाद मागता येते. विशाखापट्टणम प्रकरणात लवादाने स्वतःहून दखल घेऊन कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला लावले होते. याच्या मुळाशी दिल्लीतील श्रीराम कारखान्याचे प्रकरण आहे. तेथे ४ डिसेंबर १९८५ रोजी टाकीचा आधारच कोसळला आणि ओलियमची गळती झाली. घातक उद्योग चालवणाऱ्याला अपघाताच्या हानीची जबाबदारी कोणतीही सबब सांगून टाळता येणार नाही, हे तत्त्व त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले.

गळती झालीच तर?

उग्र वास आला किंवा डोळे चुरचुरले तर बघायला जाऊ नये. वारा ज्या दिशेने वाहतो आहे त्याच्या आडव्या दिशेने दूर जावे, नाका-तोंडावर ओले फडके धरावे. क्लोरीनसारखा हवेपेक्षा जड वायू नाल्यात, तळघरात, सखल भागात साचतो. तेव्हा उंच जागा बरी. बाहेर पडणे शक्य नसेल तर दारे-खिडक्या बंद करून फटींवर ओले कापड लावावे. टँकरच्या मागे व बाजूला धोक्याच्या माहितीची चौकट असते. ती सुरक्षित अंतरावरून वाचता आली तर त्यावरील चार आकडी क्रमांक ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ क्रमांकावर कळवावा. रसायन कोणते, हे त्या एका क्रमांकावरून कळते आणि बचाव पथक योग्य तयारीने येते.

पुढे काय?

स्वतंत्र अन्वेषण संस्था उभारण्यासाठी केंद्राला कायदा करावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. पण मोठ्या अपघाताचा तांत्रिक अहवाल ठरावीक मुदतीत मराठीत जाहीर करणे, तो त्याच प्रकारच्या सर्व कारखान्यांना पाठवणे आणि शिफारशींची स्थिती जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवणे, यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्य सरकार हे आदेशाने करू शकते. वाघाडीत घरातले माणूस गमावलेल्यांना पाच लाखांबरोबर ते माणूस कशामुळे गेले, याचेही उत्तर मिळायला हवे. आज खान्देशातील एखाद्या कारखान्यात तसाच व्हॉल्व्ह गळत असेल, तर त्याच्यासमोर उभ्या असलेल्या कामगारासाठीही ते उत्तर तितकेच गरजेचे आहे.